दुसरा हेडफोन घेतांना

संगीताची आवड असलेल्या एका वाचकभगिनीचें पत्र ह्या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. घरांत लहानथोर मिळून नऊ माणसें. दोघां मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांची झोप सावध, आणि बाईंनीं स्वतः लग्नानंतर सुटलेला गाण्याचा अभ्यास चाळिशी उलटल्यावर पुनः हातीं घेतलेला. रात्रीं दहा वाजतां ओटा आवरून झाला म्हणजे गुरूंनीं दिलेलें ध्वनिमुद्रण ऐकावयास त्या बसतात. पांच वर्षांपूर्वीं घेतलेला एक स्वस्त हेडफोन जवळ आहे. पण त्यांत तंबोऱ्याचा खर्ज ऐकूंच येत नाहीं, व स्वर लावतांना टेकावयास कांहीं नाहीं असें वाटतें, ही त्यांची तक्रार. त्याहून बरा, पाठ बंद असलेला हेडफोन घ्यावा, दहाबारा हजारांपर्यंत खर्च करावा, असा त्यांचा मानस आहे. यावर घरांत दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षाच्या मतें ही निव्वळ चैन. दुसऱ्याच्या मतें घ्यावयाचाच तर सर्वांत महागडा घ्यावा, पुनः पुनः कोण घेणार! ह्या वादांत आम्हांस पंच नेमलें आहे, तेव्हां निकाल देणें भाग आहे.

चैनीचा मुद्दा आधीं उरकून टाकूं. ज्या घरांत प्रत्येकास स्वतंत्र खोली आहे तेथें ही वस्तु चैनीची म्हणतां येईल. नऊ माणसांच्या बिऱ्हाडांत दार लावून बसण्यासारखी जागा देवघराशिवाय क्वचितच असते, आणि तेथेंही कोणी ना कोणी येतच असतें. अशा ठिकाणीं पाठ बंद असलेला हेडफोन म्हणजे कानांपुरती एक खोलीच होय. मुलांच्या शिकवण्यांस वर्षाकाठीं जो पैसा आपण बिनतक्रार मोजतों, त्याच्या अल्पांशानें जर घरांतल्या सुनेचा इतक्या वर्षांचा राहिलेला अभ्यास मार्गीं लागत असेल, तर त्यास चैन हें नांव देणाऱ्यांनीं आपली जमाखर्चाची वही एकदां उघडून पाहावी, एवढेंच आम्ही म्हणतों. दुसऱ्या पक्षाचें मत मात्र इतक्या सहजीं निकालांत निघणारें नाहीं. तें आम्हांस मान्य नाहीं. पण कां मान्य नाहीं हें समजण्यास ही वस्तु चालते कशी तें थोडें पाहिलें पाहिजे.

हेडफोनच्या प्रत्येक वाटींत एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याला चिकटविलेलें तारेचें वेटोळें लोहचुंबकाच्या क्षेत्रांत पुढेंमागें हालतें, आणि पडद्यानें हालविलेली हवा कानांवर येते. पडदा जसा पुढें आवाज टाकतो तसाच मागेंही टाकतो. ह्या मागच्या आवाजाचें काय करावयाचें, ह्यावरून दोन जाती पडल्या आहेत. वाटीला मागें जाळी ठेवून तो बाहेर सोडून दिला कीं उघड्या पाठीचा हेडफोन झाला; वाटी बंद करून, आंत मऊ अस्तर घालून, तो तेथल्या तेथें जिरविला कीं बंद पाठीचा झाला. ह्यांत बंद जात जुनी. अमेरिकेंतील युटा प्रांतांत नाथानिएल बाल्डविन नांवाच्या गृहस्थानें आपल्या स्वयंपाकघरांत बसून हेडफोन तयार केले, आणि १९१० सालीं तेथल्या नौदलानें ते मागविले. (स्वयंपाकघरांतून निघालेली ही वस्तु स्वयंपाकघर आवरल्यावर उपयोगी पडावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.) बर्लिनच्या बायर कारखान्याचा वेटोळ्याच्या तत्त्वावरील डीटी ४८ हा १९३७ सालचा, आणि दोन कानांस दोन निराळे आवाज देणारा, घरीं बसून संगीत ऐकण्यासाठीं म्हणून केलेला हेडफोन मिलवॉकी येथील जॉन कॉस यांनीं १९५८ सालीं पुढें आणला. उघड्या पाठीचा प्रकार त्यानंतरचा. सेनहायझर कंपनीच्या एचडी ४१४ ह्या नमुन्यानें १९६८ सालीं तो रूढ केला.

सारख्याच किमतीचे दोन्ही प्रकार शेजारीं ठेवून ऐकले, तर उघड्या पाठीचा पुष्कळदां अधिक मोकळा वाटतो, व बंद पाठीच्या आवाजांत किंचित् डब्याचा भास होतो. कारण उघड आहे. कोंडलेल्या आवाजाचा कांहीं भाग परतून पडद्यावर येतोच. म्हणून एकट्यानें राहणाऱ्या शौकिनास आम्ही उघड्या पाठीचाच घ्या असें सांगूं. पण पत्रलेखिकेच्या घरीं तो चालावयाचा नाहीं. शेजारच्या खाटेवरील माणसास यमन चालला आहे कीं पूरिया, हें ओळखतां येईल इतका आवाज त्यांतून बाहेर येतो. तेव्हां बंद पाठीचा घेण्याचा त्यांचा निर्णय योग्य आहे.

आतां खर्जाची तक्रार. बंद वाटी, तिची गादी आणि आपलें डोकें ह्यांच्यामध्यें हवेचा एक लहानसा सांठा कोंडला जातो, व मंद्र स्वर आपणांस ऐकूं येतो तो ह्या कोंडलेल्या हवेचा दाब कमीजास्त होऊन. गादी व कातडी ह्यांत फट राहिली कीं तो दाब फटींतून निसटतो. आणि स्वर जितका खालचा तितका तो अधिक निसटतो. काळी एकच्या षड्जावर तंबोरा लावला असतां मधल्या जोडीची कंपनसंख्या सेकंदास सुमारें १३९ व खर्जाच्या तारेची सुमारें ६९ असते. बायकांच्या काळी चारमध्यें खर्ज सुमारें १०४ वर येतो. फटीचा मार पडतो तो नेमका ह्याच प्रदेशावर. गंमत अशी कीं, जवारीचा झंकार हा पुष्कळ वरच्या स्वरांचा असल्यामुळें तो शाबूत राहतो. ऐकणारास वाटतें, तंबोरा तर वाजतो आहे, मग उणें काय आहे? उणा असतो तो खालचा पाया. "टेकावयास कांहीं नाहीं" हे पत्रांतले शब्द ह्या स्थितीचें इतकें अचूक वर्णन करतात कीं, बाईंचे कान तयार आहेत याविषयीं आम्हांस शंका राहिली नाहीं.

फट पडण्याचीं कारणें अगदीं घरगुती आहेत. चष्म्याची काडी गादीखालून जाते आणि तिच्या दोन्ही अंगांस पोकळी राहते. कानांतल्या कुड्या किंवा बुगडी गादीस उचलून धरतात. अंबाडा सैल असला तर कमान मागें सरकते व वाट्या तिरप्या बसतात. वृद्धांच्या कानाखालीं गालाचें मांस उतरलेलें असतें, तेथेंही गादी टेकत नाहीं. आणि सर्वांत मोठें कारण म्हणजे गादीच जुनी होणें. चामड्यासारखें दिसणारें कृत्रिम आवरण दमट हवेंत हळूहळू कुजतें, त्याचे काळे पापुद्रे मानेवर पडूं लागतात. आंतला स्पंज बसका होतो. मुंबई किंवा रत्नागिरीच्या हवेंत पांच वर्षें वापरलेली स्वस्त गादी शाबूत राहिली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ह्याची परीक्षा करण्यास कोणतेंही उपकरण लागत नाहीं. तंबोऱ्याचें एकसारखें चालणारें मुद्रण लावावें, हेडफोन नेहमींप्रमाणें घालावा, आणि दोन्ही तळहातांनीं वाट्या कानांकडे हलकेच दाबाव्या. खर्ज एकदम भरून आला तर समजावें कीं दोष फटीचा आहे. मग चष्मा काढून पाहावें, कुड्या काढून पाहाव्या. इतकें करूनही दाबल्याशिवाय खर्ज येत नसेल तर गाद्या गेल्या आहेत. त्याच नमुन्याच्या नव्या गाद्या मिळत असल्यास कांहीं शें रुपयांत काम होतें. भलत्या नमुन्याच्या गाद्या मात्र बसवूं नयेत. गादीची जाडी बदलली कीं कान व पडदा ह्यांतलें अंतर बदलतें आणि आवाजाचा तोलही बदलतो.

दाबूनही खर्ज आला नाहीं, तर लगेच दुकानाकडे धांव घेऊं नये. आधीं मुद्रण तपासावें. हल्लीं गुरुजनांची तालीम पुष्कळदां मोबाइलवर मुद्रित केलेली किंवा दूरस्थ शिकवणींतली असते. अशा शिकवणीच्या यंत्रणा बोलणें स्पष्ट ऐकूं यावें म्हणून मागचा गोंगाट पुसून टाकण्याची योजना करतात, आणि एकसारखा चालणारा तंबोरा त्यांना पंख्याच्या घरघरीसारखाच गोंगाट वाटतो! त्या बिचाऱ्या यंत्रास षड्ज काय आणि पंखा काय. झूममध्यें ही पुसापुशी बंद करून मूळ आवाज पाठविण्याची सोय गाणाऱ्यांसाठीं मुद्दाम ठेविलेली आहे. ती गुरूंच्या बाजूनें चालू करावी लागते. हें न करतां कितीही मोलाचा हेडफोन आणला तरी पुसलेला खर्ज तो कोठून देणार?

जुन्या तबकड्यांचीही हीच गोष्ट. फ्रेड गायसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें मुद्रित केलें तें १९०२ सालीं. तेव्हांपासून सुमारें १९२५ पर्यंत सारें मुद्रण कर्ण्याच्या तोंडाशीं गाऊन होत असे, विजेचा मायक्रोफोन नव्हता. त्या मुद्रणांत खालचे व अगदीं वरचे स्वर मुळीं उतरलेच नाहींत. चांगल्या हेडफोनानें अशा तबकडींतला खर्ज वाढत नाहीं. वाढते ती खरखर. जुन्या नाट्यगीतांच्या मोहानें उंची हेडफोन घेणाऱ्यांची ह्यामुळें पुष्कळदां निराशा होते, आणि दोष मात्र हेडफोनास लागतो.

गाद्या बदलल्या, मुद्रण तपासलें, आणि तरीही समाधान नाहीं, असें झालें तर मग नवा घ्यावा. ह्या वर्गांतले, ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत वर्षानुवर्षें टिकलेले चार नमुने आमच्या माहितीचे आहेत. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा १९८५ सालचा, जर्मनींत हायलब्रॉन येथें बनणारा. वजन सुमारें २७० ग्रॅम. गाद्या मखमलीसारख्या व मऊ, वाटी खोल, त्यामुळें चष्मा व कुड्या दोन्ही सामावतात आणि उन्हाळ्यांत कानशिलें तापत नाहींत. ह्याची वायर मात्र कायमची जोडलेली असते, आणि तार सप्तकावरचा झगझगीतपणा जरा अधिक. सकार ऐकतांना तो टोंचतो, व जुन्या तबकडीची खरखर तर दुप्पट वाटते. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम ५०, सुधारून १९१४ नव्हे तर शंभर वर्षांनंतर २०१४ सालीं एम ५०एक्स ह्या नांवानें आलेला, वजनानें सुमारें २८५ ग्रॅम. वायर काढतां घालतां येते, घडी होते, खर्ज भरघोस. इतका भरघोस कीं डग्गा कधीं कधीं गवयाच्या पुढें येऊन बसतो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ सालचा, हलका, बोलणें व शब्द आरशासारखे दाखविणारा. पण वाटी उथळ असल्यामुळें कानाची पाळी आंत टेकते, आणि गाद्यांचें आवरण सोलतें. चौथा सेनहायझरचा एचडी २५, १९८८ सालचा, वजन केवळ १४० ग्रॅम. ह्याचा प्रत्येक भाग सुटा मिळतो व घरच्या घरीं बदलतां येतो, ही गोष्ट आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसांस फार आवडते. परंतु तो कानांभोंवतीं न बसतां कानांवर बसतो, आणि कमानीची पकड घट्ट. कुड्या घालणाऱ्या बाईनें त्याच्या वाटेस जाऊं नये.

चौघांत पत्रलेखिकेस आम्ही डीटी ७७० सुचवूं. त्या रात्रीं तास दीड तास ऐकतात, चष्मा लावतात, आणि गुरूंचें नवें मुद्रण ऐकतात. तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत. प्रवासांत वापरणारा मुलगा घरांत असून त्यालाही भाग द्यावयाचा असेल तर एम ५०एक्स.

येथें एक तांत्रिक अंक पाहणें आवश्यक आहे. डीटी ७७० प्रो हा ३२, ८० व २५० ओहम अशा तीन प्रकारांत निघाला. एक सहस्रांश वॅट इतकी शक्ति देण्यास ३२ ओहमच्या हेडफोनास सुमारें ०.१८ व्होल्ट पुरतो, ८० ओहमच्यास ०.२८, आणि २५० ओहमच्यास अर्धा व्होल्ट लागतो. मोबाइलास लावावयाच्या लहानशा जोडणींतून इतका दाब सर्वत्र मिळतोच असें नाहीं; मग आवाज शेवटापर्यंत चढवूनही क्षीण राहतो व निराळा अँप्लिफायर घ्यावा लागतो. जास्त ओहम म्हणजे जास्त प्रतीचा, असा एक समज दुकानांतून पसरला आहे, तो खरा नव्हे. मोबाइलवर ऐकणारानें ३२ किंवा ८० चाच घ्यावा.

आतां "सर्वांत महाग तेंच घ्या" म्हणणाऱ्या पक्षाकडे वळूं. २०१७ सालीं यरून ब्रेबार्ट ह्या संशोधकांनीं अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र परिषदेच्या नियतकालिकांत एक लेख प्रसिद्ध केला. त्यांनीं २८३ हेडफोन मोजून पाहिले, व कोणता स्वर किती जोरानें ऐकूं येतो ह्या मापाचा किमतीशीं कांहीं संबंध लागतो काय, हें तपासलें. संबंध लागला नाहीं. ह्याचा अर्थ पैसा वायां जातो असा नव्हे. पैशानें कमान टिकाऊ मिळते, गादी मऊ मिळते, सुटे भाग मिळतात. आणि एका मर्यादेपलीकडे पेटी सुंदर मिळते. आमच्या अंदाजें बाईंनीं ठरविलेली रक्कम पुरेशी आहे. त्यांतूनही थोडी शिल्लक गाद्यांच्या दुसऱ्या जोडीसाठीं ठेवावी.

हा सारा खटाटोप केवळ सुखासाठीं आहे असें कोणीं समजूं नये. त्यांत कानांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. खर्ज ऐकूं येईना म्हणजे माणूस काय करतो? आवाज चढवितो. चढविल्यानें खर्ज थोडा येतो, पण वरचे स्वर त्याबरोबर दुप्पट येऊन कानांवर आदळतात. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसासाठीं ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यांतून ४० तास, व मुलांसाठीं ७५ डेसिबेलचा तितकाच वेळ, अशी मर्यादा घालून दिली आहे. दर तीन डेसिबेलांस ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. आणि ९५ पर्यंत चढविलें तर आठवड्याचा सारा वांटा सव्वा तासांत संपतो. रोज रात्रीं दीड तास ऐकणाऱ्या गायिकेस हा हिशेब तोंडपाठ पाहिजे, कारण एकदां गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं, आणि जाते तेव्हां सांगून जात नाहीं. नीट बसणाऱ्या बंद हेडफोनाचा खरा लाभ हा कीं, बाहेरचा मिक्सर, दूरदर्शन व मुलांची पाठांतरें अडविल्यामुळें कमी आवाजांत काम भागतें. लोकलगाडींत ऐकणाऱ्या तरुणांस तर हें अधिकच लागू आहे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. बंद हेडफोन घातलेल्या माणसास हांक ऐकूं येत नाहीं, आणि सासऱ्यांनीं दोनदां हांक मारून उत्तर न आल्यास पुढें काय होतें हें एकत्र कुटुंबांत राहिलेल्या कोणासही सांगणें नलगे. बाईंनीं दरवाजाकडे तोंड करून बसावें, व रात्रीं औषधपाण्याची वेळ असेल तर ती दुसऱ्या कोणाकडे द्यावी. ही तडजोड घरच्यांनींच करावयाची आहे. त्यांत हेडफोनची कंपनी कांहीं करूं शकत नाहीं.

खरेदीस जातांना मुंबईस लॅमिंग्टन रोड, पुण्यास तपकीर गल्ली, कोठेंही जावें. पण आपला मोबाइल, आपलें नेहमींचें मुद्रण, आपला चष्मा व कानांतल्या कुड्या ह्यांसह जावें. दुकानदार आपल्या पसंतीचें गडगडाटी गाणें लावील, तें नम्रपणें थांबवून आपला तंबोरा लावावा. निदान अर्धा तास घालून बसावें. डोक्याचा मध्य दुखतो कीं कानाची पाळी दुखते हें त्याआधीं कळत नाहीं. परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी, पेटी जपून ठेवावी. जुन्या हेडफोनास नव्या गाद्या बसवून तो सासऱ्यांस रात्रीच्या बातम्यांसाठीं द्यावा. आणि पावसाळ्यांत दोन्हीही कपाटांत कोंडून न ठेवतां, वायरीस पीळ न घालतां, कमानीनें खुंटीस टांगावे.